पेढ्याची कॉफी आणि विहीणबाई

मोबाइलवर कुठल्याशा मुलीने कॉफीच्या ग्लासात अख्खा चीजकेक कुस्करून घातलेला मी पाहिला, आणि माझा स्वाभिमान जागा झाला. आपल्याकडे काय गोडाचा दुष्काळ पडलाय? दिवाळी-पाडव्याला ज्या घरात साखर कमी पडते म्हणून शेजारी वाटी घेऊन पळावं लागतं, त्या घरातल्या बाईने परक्या केकची कॉफी कशाला प्यायची? मी पदर खोचला. खरं तर मी पंजाबी ड्रेसमध्ये होते, पण असल्या कामाला मनातल्या मनात का होईना, पदर खोचावाच लागतो.

पहिली झाली श्रीखंडाची कॉफी. नवऱ्याने ती चमच्याने ढवळली, उजेडात धरली आणि अत्यंत आदराने विचारलं, "ही नासलीय, की अशीच असते?" दुसरी पुरणपोळीची. त्यातलं पुरण तळाशी बसलं आणि वर जे उरलं ते पाहून तो म्हणाला, "कटाची आमटी झकास जमलीय. भात आण." गाजरहलव्याच्या कॉफीविषयी न बोललेलं बरं. दातांत अडकलेला कीस काढत तो दोन तास गप्प बसला होता, आणि आमच्या संसारात इतकी शांतता त्याआधी कधी नांदली नव्हती.

मग एके दिवशी फ्रिजमध्ये कंदी पेढ्यांचा एक पुडा सापडला. प्रवासातून कुणीतरी आणून दिलेला, विसरलेला, दगडासारखा झालेला. मी ते पेढे खलबत्त्यात फोडले, दुधात टाकले आणि मंद आचेवर ढवळत राहिले. कंदी पेढ्याला मुळातच खरपूस भाजकी चव असते. तो दुधात विरघळला तसा दुधाचा रंग साईच्या कडेसारखा तांबूस झाला. दुसरीकडे कॉफी, चिमूटभर साखर आणि चमचाभर गरम पाणी वाटीत घेऊन, जुन्या लग्नघरांत करायचे तशी मी ती मनगट दुखेपर्यंत फेटली. वर ते दूध ओतलं, जायफळ किसलं, मिठाचा एक कण टाकला. नवऱ्याने घोट घेतला. दुसरा घेतला. मग कप माझ्यापासून लांब सरकवून धरला, म्हणजे मी त्यातली मागू नये. मला जिंकल्यासारखं वाटलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

आमची लेक नाशिकजवळच्या एका वाइन तयार करणाऱ्या कंपनीत, प्रयोगशाळेत काम करते. द्राक्षांतली साखर मोजणं, आंबटपणा तपासणं, चव पाहणं हे तिचं काम. हंगामात ती पहाटे जाते आणि कधी परत येईल याचा नेम नसतो. अंगाला, केसांना, डब्याच्या पिशवीलासुद्धा द्राक्षाच्या रसाचा वास येतो. या कामावर तिचा जीव आहे. आणि लग्नाच्या बाजारात याच कामाने तिचं नाव मागे पडत होतं. 'वाइन' हा शब्द ऐकला की समोरच्यांच्या डोळ्यांपुढे ती बाटली हातात घेऊन झिंगत येताना दिसायची.

मनमाडच्या माझ्या नणंदेने एक स्थळ सुचवलं. वणीकडचं शेतकरी घर. मुलगा नाशकातच नोकरीला. वडील नाहीत, आई आहे, आणि सगळा कारभार मुलाच्या मामांकडे. मामांची द्राक्षबाग मोठी. लेकीने फोटो पाहिला, माहिती वाचली आणि म्हणाली, "येऊ देत. पण आई, नीट ऐक. मला त्या मुलाला एकच गोष्ट विचारायचीय. लग्नानंतर मी हे काम करत राहणार, ते चालेल का? मामांना नाही, त्याला विचारायचंय. त्याचं उत्तर मिळेपर्यंत आपल्याकडून 'हो' नाही की 'नाही' नाही. शब्दसुद्धा नाही."

"मी कशाला बोलेन मध्ये?" मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी सगळी जुनी भाषणं आठवली.

नणंदेने फोनवर आणखी एक बजावलं. "वहिनी, त्यांच्याकडे पद्धत आहे. पसंती व्हायच्या आधी मुलीच्या घरी गोड खात नाहीत. गोड तोंडात गेलं, की सुपारी फुटली असंच धरतात. तेव्हा शिरा, लाडू, बर्फी काही काढू नकोस."

मी काढलं नाही. शपथेवर सांगते. शिरा नाही, लाडू नाहीत, साखरेची वडीसुद्धा नाही. ताटात होता चिवडा, खारी शंकरपाळी आणि खारवलेले काजू. आणि चहाऐवजी कॉफी. कारण डिसेंबरातली नाशिकची संध्याकाळ होती, बोटं गारठली होती, आणि मनातल्या मनात मला पाहुण्यांवर छाप पाडायची होती. कॉफी हे पेय. पेय म्हणजे काही पक्वान्न नव्हे. या बाबतीत माझ्या मनात शंकेची रेघसुद्धा उमटली नाही.

पाहुणे आले. मामा धिप्पाड, पांढरा शर्ट, मिशीला किंचित पीळ. आई बारीक चणीची, नऊवारीतली, हात मांडीवर जोडून बसलेली, बोलली फार नाही पण तिने घरातलं सगळं पाहून घेतलं. मुलगा देखणा, नीटनेटका, आणि सोफ्याच्या इतक्या टोकावर बसलेला, की कुणी जरा हललं तर हा पडेल अशी मला काळजी लागली.

"आमच्या बागेची द्राक्षं परदेशात जातात," मामा म्हणाले. "पण वाइनवाल्यांना एक घड देत नाय आपण."

"का हो?" नवऱ्याने विचारलं.

"नाय म्हंजे नाय. द्राक्ष खायची चीज हाय."

लेकीने खाली मान घातली. लाजली असं मामांना वाटलं असेल. ती हसू दाबत होती हे मला ठाऊक.

मी कॉफी आणली. वर जायफळाची पूड, फेस असा की चमचा उभा राहावा. मामांनी भुरका मारला आणि थांबले. पुन्हा मारला. "ताई," ते मला म्हणाले, "लय भारी हाय. ही कंची कॉफी?"

"सांगते, आधी प्या," मी म्हटलं. कलाकाराने पडदा लगेच उघडू नये.

नवऱ्याने सुचवलं, की मुलामुलीला गॅलरीत थोडं बोलू द्यावं. दोघं आपापले कप घेऊन गेली. काचेच्या दारातून मला लेकीची पाठ दिसत होती, आणि ती हात हलवून काहीतरी सांगत होती. इकडे मामांनी कप रिकामा केला, मुलाच्या आईनेही केला. आई पहिल्यांदाच आपणहून बोलली. "बाई, यात दूध आटवलंय का? खव्याची चव लागती."

आणि इथे माझ्यातली नटी उभी राहिली. मी हात पसरले, जरा थांबले आणि म्हटलं, "पेढे. सात कंदी पेढे विरघळवलेत यात."

मला टाळ्या अपेक्षित होत्या.

मामांनी कप बशीत ठेवला. फार हळू. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याने छताकडे.

"म्हंजे," मामा म्हणाले, "तुम्ही आम्हाला पेढा दिला."

"नाही नाही, कॉफी दिली," मी म्हटलं.

"पेढा हाय ना त्यात?"

"आहे, पण तो विरघळलाय."

"तोंडात तरी काय, पेढा विरघळतोच की," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मला ते आवडूच लागले असते, जर पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नसता. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चला, विहीणबाई. तोंड गोड झालं."

विहीणबाई. मघापर्यंत मी ताई होते. एका कपाच्या अंतरात माझं नातं बदललं होतं. मी आयुष्यात फार कमी वेळा गप्प बसले आहे, आणि जिथे बोलायलाच हवं होतं, नेमकी तिथे माझी जीभ टाळूला चिकटली.

"अहो, त्यांचं बोलणं चाललंय अजून," नवरा म्हणाला. "मुलीला काही विचारायचं आहे."

"विचारू द्या की. विचारायला कोण नको म्हणतंय?" मामांनी खिशातून फोन काढला. "हां, मी बोलतोय. जमलं. पेढा झाला बरं का. हां हां, त्यांच्याच हातचा." फोन ठेवून ते नवऱ्याला म्हणाले, "व्याही, घरात नारळ असंल ना? कुंकू लावून घेऊ पोरीला. साधंच."

वणीच्या अलीकडे कुठेतरी, कुणाच्या तरी घरात, माझ्या लेकीचं लग्न ठरल्याची बातमी पोचली होती. आणि लेक काचेपलीकडे उभी राहून अजून पहिलं वाक्य संपवत होती. मला घाम फुटला. डिसेंबरात, नाशकात.

मी गॅलरीकडे धावणार, तेवढ्यात दार सरकलं आणि दोघं आत आली.

"या सूनबाई," मामा म्हणाले.

लेकीने मागे वळून पाहिलं, की अजून कोणी आलंय का. कुणी नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, नाकाने, जे जे हलवता येतं त्या सगळ्याने तिला सांगायचा प्रयत्न केला. काय सांगत होते ते मलाच ठाऊक नव्हतं.

मामांचं लक्ष तिच्या कपाकडे गेलं. तो काठोकाठ भरलेला होता. गोड कॉफी तिला चालत नाही. दिवसभर चव पाहण्याचं काम, त्यामुळे तिची जीभ साखरेला नाखूश असते. माझ्याकडच्या प्रयोगांतून ती आजवर सफाईने सुटत आलेली होती.

"पोरी, प्यायली नाय तू," मामा प्रेमाने म्हणाले. "पी की. गार होती."

सगळे थांबले. मामा थांबले, आई थांबली, मुलगा थांबला. बिचारी लेक, मोठ्यांचा मान राखायचा म्हणून तिने कप उचलला. ओठांजवळ नेला.

"पिऊ नकोस," मी ओरडले.

सगळे माझ्याकडे वळले. जणू त्या कपात मी काही कालवलं होतं. मुलाने आपल्या हातातला कप पाहिला. तो रिकामा होता. त्याने त्यात पुन्हा डोकावून पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर जे काही उमटलं ते पाहून मला त्याची दया आली.

"काही नाही त्यात," मी घाईने म्हटलं. "म्हणजे आहे. पेढे आहेत."

"पेढे?" लेक म्हणाली.

"तुझ्या आईने आम्हाला पेढा दिला," मामा म्हणाले. "आम्ही घेतला. आता तू घेतला की झालं."

लेकीला समजायला एक क्षण लागला. मी तिची आई आहे. तिच्या चेहऱ्यावर राग येण्याआधी डावी भुवई किंचित वर जाते. ती गेली. तिने कप टेबलावर ठेवला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "आई, मी काय सांगितलं होतं?"

उत्तर आलं ते भलत्याच कोपऱ्यातून.

"दादा," मुलाची आई म्हणाली. इतका वेळ ज्या आवाजाची मी कल्पनाच केली नव्हती, तसा ठणठणीत आवाज. "फोन करायची कशाला घाई केली?"

"अगं, पेढा झाला ना."

"माझ्या वेळी पण पेढाच झाला होता. तूच घातला होता तोंडात. एवढा मोठा." तिने हाताने लिंबाएवढा गोल करून दाखवला. "मला म्हणायचं होतं, की मला पुढं शिकायचंय. पण तोंडात पेढा. बोलू कशी? तो गिळेस्तवर कुंकू लागलं, नारळ दिला, लोक जेवायला बसले."

मामांचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांना हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत बहिणीने हे कधी सांगितलंच नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांत लख्ख दिसत होतं. माझ्या घरात, माझ्या चिवड्यासमोर, एका माणसाला कळत होतं की त्याने तेव्हा काय केलं. मला मान खाली घालावीशी वाटली आणि घातली नाही, कारण मला पाहायचं होतं.

"तू सांगितलं नाय कधी," ते म्हणाले.

"विचारलं कुणी?" ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "तुला काय विचारायचं होतं गं? आता विचार. तोंड मोकळं हाय तुझं."

लेक मुलाकडे वळली. "मी बाहेर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात आत जाऊन सांगतो. लग्नानंतर मी हेच काम करणार. हंगामात पहाटे जाणार, रात्री येणार. वाइनच करणार, ज्यूस नाही. तुम्हाला चालेल का?"

मी मुलाकडे पाहत होते. मनापासून सांगते, मला तो आवडला होता. मी मनातल्या मनात त्याला हो म्हणायला लावत होते. हो म्हण रे. नुसती मान हलव. पुढचं आम्ही पाहतो.

त्याने मामांकडे पाहिलं.

मामा अजून बहिणीकडे पाहत होते. त्यांचं लक्षच नव्हतं. मुलगा क्षणभर वाट पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मामा सांगतील तसं."

त्याच्या आईने डोळे मिटले.

"मग माझं नाही," लेक म्हणाली. आवाज चढला नाही. समोरच्याला वेळ विचारावी आणि त्याने सांगावी, इतकं साधं. "तुम्ही वाईट आहात असं नाही. पण हे उत्तर मला तुमच्याकडून हवं होतं."

मामा भानावर आले. "अरे, पण मी काय नाय म्हणणार होतो का?" ते भाच्याला म्हणाले. "मला विचारलं असतं तर," ते इतकंच बोलले आणि वाक्य अर्धवट सोडलं. बहुधा त्यांचं त्यांना ऐकू आलं असावं. मुलगा लाल झाला. मला खात्री आहे की आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या बाजूने बोलायला कुणी पुढे आलं नाही.

मी थक्क झाले होते. तिला नकाराचा हक्क आहे हे मी चारचौघांत शंभरदा सांगितलं असेल. पण माझ्याच दिवाणखान्यात, इतक्या लोकांसमोर, पाहुण्यांच्या ताटातला चिवडा संपायच्या आत तो असा वापरला जाईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. हक्क बोलायला सोपा असतो. समोर बसून पाहायला मात्र अवघड.

मी पाहुण्यांना कुंकू लावलं. नेहमीचं, निरोपाचं. मुलाच्या आईला लावताना तिने माझा हात थोडा वेळ धरून ठेवला, आणि तिच्या हाताला नांगरटीच्या मातीसारखा खरखरीतपणा होता.

यानंतर खरी परीक्षा सुरू झाली. आमच्या इमारतीतली लिफ्ट येईना. कुणीतरी तळमजल्यावर गादी चढवत होतं. आम्ही सगळे दारात उभे. नकार दिलेले आणि नकार घेतलेले, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, लिफ्टच्या दिव्याकडे टक लावून. नवऱ्याने थंडीविषयी एक वाक्य टाकलं. मामांनी "हां" म्हटलं. जिन्याने जावं तर मामांचे गुडघे दुखत होते. मला हसू यायला लागलं आणि मी खोकल्याचं सोंग आणलं.

तेवढ्यात मुलाच्या आईने लेकीला विचारलं, अगदी हळू, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "ती वाइन, गोड असती का गं?"

"काही गोड असतात," लेक म्हणाली. "मला कोरडी आवडते."

"ओली चीज, कोरडी कशी असंल?"

"तिच्यात साखर उरलेली नसते, मावशी. सगळी आंबून जाते."

"मग चव कशाची?"

"द्राक्षाची," लेक म्हणाली. "साखर गेली की मग द्राक्ष कळतं. तुमच्या बागेतली माती कशी आहे, ऊन किती पडलं, तेसुद्धा."

"आमची माती काळी हाय," मामा मध्येच म्हणाले. कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

लिफ्ट आली. तिच्यात अजूनही अर्धी गादी होती. मुलगा आणि मामा कसेबसे आत शिरले. मुलाच्या आईला जागा उरली नाही, की तिने मुद्दाम ठेवली नाही, देव जाणे. "तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी जिन्यानं येते. ही सोडील मला." आणि तिने लेकीचा दंड धरला.

मी गॅलरीत गेले. खाली मामांची गाडी सुरू झाली होती, दिवे लागले होते, मुलगा मागच्या सीटवर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. बराच वेळ जिन्यातून कुणी बाहेर आलं नाही. मामांनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवायच्या आधी ते गाडीतून उतरले, जिन्याच्या तोंडाशी गेले, आत डोकावले आणि पुन्हा गाडीत येऊन बसले. हॉर्न मात्र मग वाजला नाही.

शेवटी त्या दोघी बाहेर आल्या. मुलाची आई हसत होती, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. लेकही हसत होती. गाडी निघाली तेव्हा मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलत राहिला, वळणापर्यंत.

लेक वर आली. गाल लाल, श्वास लागलेला.

"काय बोलत होतात गं इतकं?" मी विचारलं.

"आमचं होतं," ती म्हणाली, आणि कपडे बदलायला गेली.

मी दारातच उभी राहिले. ज्या घराला तिने नकार दिला, त्या घरातली बाई तिला माझ्या जिन्यात काहीतरी सांगून गेली होती, आणि ते मला कळणार नव्हतं. इतका मोठा धक्का मला विहीणबाई झाल्यावरही बसला नव्हता.